ओला, सुका आणि बाकीचं सगळं: घरच्या कचऱ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीत कचऱ्याचं काम बघायला लागल्यापासून तेच तेच प्रश्न येतात, कधी मेसेजवर, कधी लिफ्टमध्ये हातात पिशवी घेऊन. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. पुण्यातली व्यवस्था डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, पण मूळ नियम देशभराचे आहेत, त्यामुळे पिंपरी, ठाणे, नाशिक कुठेही असाल तरी बहुतेक सगळं लागू होतं, फक्त गाडीची वेळ आणि दंडाची रक्कम ज्या त्या महापालिकेची वेगळी.

१. मुळात डबे किती ठेवायचे? कोणी दोन म्हणतं, कोणी तीन, आता चार ऐकतोय.

चार प्रकार, हे बरोबर आहे. २०१६ च्या नियमांत तीन होते, आता घनकचरा व्यवस्थापन नियम २०२६ आलेत, ते १ एप्रिल २०२६ पासून लागू, आणि त्यात ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार सांगितलेत. पण घाबरून चार मोठे डबे आणायला जाऊ नका. ओल्याला झाकणाचा एक डबा, सुक्याला बाल्कनीत एखादं पोतं, सॅनिटरी कागदात गुंडाळून वेगळं, आणि विशेष काळजीच्या वस्तूंना बुटांचा रिकामा खोका पुरतो, तो भरायला कित्येक महिने लागतात. रोज द्यायचं ते ओलं आणि सॅनिटरी. सुका एक-दोन दिवसांआड दिला तरी काही वास येत नाही, जर तो खरंच सुका असेल तर (प्रश्न ३ बघा).

२. ओल्यात नक्की काय काय?

जे कुजतं ते. भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा, उरलेलं शिजवलेलं अन्न, खरकटं, अंड्याची टरफलं, मासळीचे काटे, हाडं, सुकलेली फुलं, स्वयंपाकघरात ओलं पुसलेला टिश्यू. चहाचा चोथा गाळणीतून नीट निथळून टाका, आणि आमटी-ताक-रस्सा डब्यात ओतू नका, ते पाणी जिन्यावर सांडतं आणि मग सगळे कचरावेचक ताईंच्या नावाने ओरडतात. टी बॅगचा दोरा आणि स्टेपलची पिन काढून टाका. भाजीच्या जुडीचं रबर सुक्यात.

३. सुका कचरा धुऊन द्यायचा म्हणजे काय? आधीच पाण्याची बोंब आहे.

साबण लावून घासायला कोणी सांगत नाहीये. भांडी विसळलेल्या पाण्यातच दह्याचा डबा, सॉसची बाटली एकदा खळखळून घ्या आणि पालथी घाला, बास. कारण असं की सुका कचरा शेवटी विकला जातो, आणि दह्याने माखलेल्या डब्यामुळे त्याच्याबरोबरचा कागद पण जातो, ओल्या तेलकट कागदाला रद्दीवाला हात लावत नाही. पुनर्वापर होणार की नाही हे डब्यावरच्या चिन्हावर कमी आणि तो स्वच्छ, कोरडा आहे का यावर जास्त ठरतं.

दुधाच्या पिशवीचं खास सांगते कारण ती रोज घरात येते. कोपरा पूर्ण कापून तो इवलासा त्रिकोण वेगळा करू नका, अर्धवट चीर द्या म्हणजे तुकडा पिशवीलाच लटकून राहील. सुटे तुकडे कोणी वेचू शकत नाही, ते गटारात जातात. पिशवी मात्र चांगल्या प्लॅस्टिकची असते, तिला भाव येतो. विसळून खिडकीच्या गजाला अडकवली की तासाभरात वाळते. वर्गीकरणाच्या शेडवर कधी जाऊन बघा, तिथल्या बायका पिशवी नुसती चुरगाळून आवाजावरनं सांगतात कुठलं प्लॅस्टिक आहे, आणि तशी ढिगाने वेगळी करतात. ती पिशवी दुधाने चिकट झाली असेल तर त्यांच्या हाताला लागतं ते आपलं आंबलेलं दूध.

४. चिप्सचं पाकीट, बिस्किटाचं रॅपर, शॅम्पूची पुडी... हे रिसायकल होतं का?

खरं सांगायचं तर जवळजवळ नाही. ते मल्टिलेअर असतं, म्हणजे प्लॅस्टिकचे थर आणि मध्ये धातूचा पातळ मुलामा, ते एकमेकांपासून सुटे करणं परवडत नाही, त्यामुळे भंगारात कोणी घेत नाही. तरीही टाकायचं सुक्यातच, कारण वेगळं गोळा झालं तर सिमेंटच्या भट्टीत कोळशाबरोबर जळण म्हणून जाऊ शकतं, ओल्यात गेलं तर खताच्या ढिगात चकचकीत तुकडे होऊन कायमचे राहतात. सगळी रॅपर्स एका मोठ्या पाकिटात कोंबून द्या, सुटी उडत नाहीत.

५. कागदी कप, टेट्रा पॅक, पिझ्झाचा खोका. हे सगळं कागद ना?

तिन्ही वेगवेगळे. कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्याशिवाय चहा गळला असता, म्हणून विसळून सुक्यात, ओल्यात अजिबात नाही. टेट्रा पॅकमध्ये कागद, प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम तिन्ही आहेत पण त्याच्यावर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत, उघडून, विसळून, चपटा करून सुक्यात. पिझ्झाच्या खोक्याचं झाकण साधारण कोरडं असतं ते फाडून रद्दीत, खालचा चीज-तेलाचा भाग तुकडे करून ओल्यात चालतो. दुकानातली गुळगुळीत बिलं, एटीएमच्या पावत्या हा थर्मल पेपर, त्यावर रसायन असतं, रद्दीत मिसळू नका, रॅपरच्या पाकिटात टाका.

६. डब्याखाली त्रिकोणात आकडा असतो, त्याचा अर्थ रिसायकल होतंच असा का?

नाही. तो आकडा फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो. १ म्हणजे पीईटी, पाण्याच्या बाटल्या. २ एचडीपीई, शॅम्पू-फिनाईलचे डबे. ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई म्हणजे पातळ पिशव्या, ५ पीपी, हॉटेलातून पार्सल येतं ते काळे-पांढरे डबे, ६ पॉलिस्टायरीन, थर्माकोल त्यातच आला, ७ म्हणजे इतर सगळं. १, २, ४, ५ ला आपल्याकडे बऱ्यापैकी गिऱ्हाईक आहे. थर्माकोल वजनाला काहीच नसतो आणि जागा ढीगभर खातो, म्हणून कोणी उचलायला राजी नसतं.

७. पॅड आणि डायपर कसे द्यायचे? कशातून द्यायचे हे विचारायला पण लाज वाटते.

लाज वाटायचं कारण नाही, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. जुन्या वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा, वर लाल पेनने मोठा ठिपका काढा, आणि हातात वेगळं द्या. लाल ठिपक्याची ही पद्धत पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने रुजवली आणि कारण अगदी साधं आहे, ठिपका दिसला की पुडी उघडायची नाही हे कळतं. काळ्या पिशवीत इतर कचऱ्यात टाकलं की आत काय आहे ते बघायला कोणीतरी हाताने उघडतं. डायपरमधली शी आधी संडासात टाका. बँडेज, जखमेचा कापूस, नाक पुसलेले टिश्यू, कंडोम हे पण ह्याच पुडीत. २०१६ च्या नियमांत गुंडाळलेलं सॅनिटरी सुक्याच्या डब्यात ठेवायची मुभा होती, आता वेगळंच ठेवायचं. आणि कमोडमध्ये फ्लश करू नका, सोसायटीची लाईन तुंबली की प्लंबर नेमकं काय बाहेर काढतो ते विचारू नका.

८. विशेष काळजीचा कचरा म्हणजे काय? आमच्या घरात विषारी काहीच नाही.

असतं हो. मुदत संपलेली औषधं, ट्यूबलाईट, सीएफएल, पाऱ्याचा थर्मामीटर, रंगाचे डबे, टर्पेंटाईन, झुरळाचा स्प्रे, ॲसिडची बाटली, सेल, इन्सुलिनच्या सुया. ह्या वस्तू रोजच्या गाडीत टाकायच्या नाहीत, खोक्यात साठवून पालिकेच्या संकलन केंद्रात किंवा संकलन मोहिमेत द्यायच्या.

सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बाटलीत जमवा, वर मोठ्या अक्षरात 'सुया' लिहा, बाटली भरली की टोपण टेपने चिकटवा. पातळ पिशवीत दिलेली सुई थेट कोणाच्या तरी बोटात जाते.

सीएफएल फुटला तर झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवू नका, त्याने पारा उलट हवेत पसरतो. खिडक्या उघडा, थोडा वेळ खोलीतून बाहेर जा, मग जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक भुगा चिकटपट्टीने उचला आणि सगळं झाकणाच्या बरणीत. एलईडी बल्बमध्ये पारा नसतो, तो ई-कचऱ्यात (पुढचाच प्रश्न).

९. जुना मोबाईल, चार्जर, मिक्सर भंगारवाल्याला दिला तर बिघडतं काय?

पैसे मिळतात हे मान्य. पण गल्लीतला भंगारवाला पुढे जिथे विकतो तिथे तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळतात, सर्किट ॲसिडमध्ये बुडवतात, उरलेलं गटारात. ई-कचरा नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यात वस्तू बनवणाऱ्या कंपनीवरच ती परत गोळा करून रिसायकल करून घ्यायची जबाबदारी आहे. वस्तूवर फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र असतं, त्याचा अर्थ हाच की साध्या कचऱ्यात टाकू नका. मोबाईलची किंवा पॉवर बँकेची फुगलेली बॅटरी असेल तर टोकांना चिकटपट्टी लावून धातूपासून लांब ठेवा आणि लवकरात लवकर द्या, कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेट घेते.

१०. फुटलेली काच?

सुक्यातच, पण वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांत किंवा जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, टेप लावून, वर 'काच' लिहून, आणि हातात देताना तोंडाने पण सांगा. ब्लेडचं तेच. अख्ख्या बाटल्या फोडू नका.

११. घर झाडलेला केर आणि केस कुठे?

ह्याच्यावरून सगळ्यात जास्त वाद होतात. धूळ, केस, नखं ओल्यात नको, खत बिघडतं, केस कुजायला फार वेळ लागतो. सुक्यात मोकळं ओतलं तर सगळी रद्दी मळते. म्हणून केर वेगळ्या कागदात गुंडाळून सुक्याच्या पोत्यात वरच्या बाजूला ठेवा.

१२. नारळाची करवंटी, शहाळं, आंब्याच्या कोया?

कुजतात, पण इतक्या सावकाश की घरच्या खतात टाकल्या तर पुढच्या वर्षी तशाच सापडतील. पालिकेच्या गाडीत द्यायच्या असतील तर ओल्यात, शहाळी शक्यतो वेगळी. करवंटी बंबात जाळायचे दिवस गेले, आता ती कुंडीच्या तळाला निचऱ्यासाठी उत्तम. शेंडी सुटी करून वाळवली तर खतात कोरडा माल म्हणून वापरता येते (प्रश्न १८).

१३. निर्माल्य कचऱ्यात टाकणं मनाला पटत नाही.

समजू शकते. गणपतीत घाटांवर निर्माल्य कलश असतात आणि त्यातलं खतालाच जातं. इतर वेळी घरातल्याच कुंडीत जिरवा. पण जे काही कराल त्याआधी हाराचा दोरा, जरीच्या झिरमिळ्या, प्लॅस्टिकची फुलं, उदबत्तीचं पाकीट, कापराची डबी हे काढून घ्या. नदीत सोडणं हा काही पर्याय नाही, पुलावरून पिशवीसकट फेकणारे तर देवाला प्लॅस्टिकच अर्पण करतात.

१४. ओल्या डब्याला आत पिशवी लावू का? 'कंपोस्टेबल' लिहिलेली चालेल का?

न लावलेलीच बरी. तळाला वर्तमानपत्र घाला, रोज डबा रिकामा करून विसळा. काळी पिशवी गाठ मारून दिली की ती कोणाला तरी फाडावी लागते. कंपोस्टेबल पिशवी खरी असेल तर तिच्यावर आयएसओ १७०८८ हे मानक आणि प्रमाणपत्राचा क्रमांक असतो, नुसतं हिरवं पान छापलेलं बघून फसू नका. आणि खरी असली तरी ती मोठ्या प्रकल्पातल्या ५८ अंशांच्या आसपासच्या उष्णतेत कुजण्यासाठी तपासलेली असते, बाल्कनीतल्या डब्यात ती महिनोन्‌महिने तशीच राहते.

१५. आम्ही वेगळा करतो आणि गाडीवाला समोर एकत्र ओततो. मग कशाला करायचं?

हा प्रश्न दर आठवड्याला येतो, आणि राग रास्त आहे. आधी नीट बघा की खरंच मिसळतंय का, कारण बऱ्याच गाड्यांना आत मधोमध पत्रा असतो आणि बाहेरून एकच तोंड दिसतं. तसं नसेल आणि खरंच एकत्र जात असेल तर तारीख, वेळ, गाडीचा नंबर घालून फोटोसकट क्षेत्रीय कार्यालयात आरोग्य निरीक्षकाकडे तक्रार करा, कारण वेगळा दिलेला कचरा वेगळाच नेणं हे पालिकेवर बंधनकारक आहे, मेहेरबानी नाही.

पण म्हणून घरात एकत्र करायला लागलात तर तक्रारीचा आधारच गेला. शिवाय दारावर येणाऱ्या कचरावेचकांपर्यंत जे पोचतं त्यातला विकण्याजोगा सुका माल गाडीत चढायच्या आधीच बाजूला निघतो, आणि तो कोरडा असेल तरच निघतो. मिसळलेलं सगळं डेपोत जातं. तिथे ओला कचरा दडपून हवेशिवाय कुजतो आणि मिथेन तयार होतो, डेपोला आगी लागतात त्यात ह्या वायूचा मोठा हात असतो. देवनारला जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग आठवत असेल, दिवसचे दिवस मुंबईभर धूर होता. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीने झेलला, त्या गावांनी का आंदोलनं केली हे तिथलं विहिरीचं पाणी पाहिलेल्याला सांगावं लागत नाही.

१६. चांगली रद्दी आणि बाटल्या भंगारवाल्याला विकू की कचरावेचक ताईंना देऊ?

कायद्याने दोन्ही चालतं. माझं मत विचाराल तर वर्तमानपत्रं विका हवी तर, बाकीचं ताईंना द्या. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे आणि त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही त्यांच्याच मालकीची सहकारी संस्था उभी राहिली, २००८ पासून पालिकेबरोबर करार करून घरोघर कचरा गोळा करते. त्यांना पगार नसतो, घरटी मिळणारी फी आणि सुक्या मालाची विक्री हीच कमाई. आपण खोके-बाटल्या विकून टाकायच्या, त्यांना फक्त खरकटं आणि डायपर द्यायचे आणि वर महिन्याच्या फीवरून घासाघीस करायची, हे काही बरं दिसत नाही.

१७. सोसायटीला ओला कचरा आवारातच जिरवावा लागतो म्हणे. आमची छोटी आहे, लागू होतं का?

मोठ्या कचरा निर्मात्यांत बसत असाल तर हो. नव्या नियमांत निकष असे: बांधलेलं क्षेत्रफळ २०,००० चौरस मीटर किंवा जास्त, किंवा पाण्याचा वापर दिवसाला ४०,००० लिटर, किंवा कचरा दिवसाला १०० किलो. ह्यातलं एक जरी लागू झालं तरी तुम्ही आलात. माणशी साधारण ४०० ते ५०० ग्रॅम कचरा धरला तर चार-चार माणसांची पन्नास-साठ घरं म्हणजे १०० किलोला टेकतातच, तेव्हा 'आमची छोटी' म्हणायच्या आधी आठवडाभर वजन करून बघा. पुण्यात एक फायदा पण आहे, गांडूळखत, सोलर आणि रेनवॉटर हार्वेस्टिंग ह्यातलं एक चालू असेल तर सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के सवलत मिळते. चालू असेल तर, हे लक्षात ठेवा, पाहणीला आल्यावर कोपऱ्यात रिकामी पडलेली टाकी दाखवून चालत नाही.

१८. खताच्या डब्याला वास येतो, अळ्या झाल्यात, बायको म्हणते एक तर डबा तरी राहील नाही तर मी.

डबा वाचेल. वास म्हणजे पाणी जास्त आणि हवा कमी. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर तेवढाच सुका पाला, भुसा किंवा कोकोपीट घाला, दोन-तीन दिवसांनी काठीने वर-खाली करा, तळाची भोकं मोकळी आहेत का बघा. मूठभर घेऊन दाबलं तर एखादा थेंब यावा, धार लागू नये. अळ्या पांढऱ्या-करड्या जाड असतील तर त्या बहुतेक काळ्या सैनिक माशीच्या, चावत नाहीत, उलट अन्न भराभर संपवतात, नको असतील तर कोरडा माल वाढवला की कमी होतात. मुंग्या झाल्या तर उलटं, फार कोरडं झालंय. मांस-मासळी, तेलकट भाजी आणि लिंबाची ढीगभर सालं घरच्या डब्यात टाळा. गडद, भुसभुशीत आणि पावसाळी मातीचा वास यायला लागला की खत तयार, उन्हाळ्यात महिना-दीड महिन्यात होतं.

१९. आवारातला पालापाचोळा जाळला तर काय? झाडाचाच तर आहे.

मनाई आहे. हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळला तर २५,००० रुपये भरपाई ठरवून दिलीये. आणि जाळताय ते काय, वरच्या प्रश्नातला कोरडा माल! पोत्यात भरून ठेवा, खत करणारे शेजारी मागून नेतील.

२०. बाथरूम फोडलं, राडारोडा पडलाय. आणि एक जुनी गादी पण आहे.

राडारोडा हा वेगळाच कचरा, रोजच्या गाडीत नाही आणि नदीकाठी तर मुळीच नाही. कंत्राटदाराशी ठरवतानाच लिहून घ्या की माल कुठे टाकणार, नाहीतर तो रात्री ओढ्यात ओतून मोकळा होतो. गादी, सोफा, जुने कपडे ह्यांच्यासाठी 'स्वच्छ'ची व्ही-कलेक्ट नावाची संकलन मोहीम असते, तेव्हा द्या. गादी कचराकुंडीशेजारी उभी करून ठेवणं म्हणजे देणं नव्हे.

२१. घरी मुंजीचं शंभर-सव्वाशे पान आहे, काही सांगावं लागतं का?

परवाना असलेल्या कार्यालयात असेल तर बहुतेक ते लोक बघतात. सोसायटीच्या आवारात किंवा मैदानात १०० पेक्षा जास्त माणसं असतील तर २०१६ च्या नियमांपासूनच अशी अट आहे की किमान ३ कामाचे दिवस आधी पालिकेला कळवायचं आणि कचरा वेगळा करून द्यायचा. थर्माकोलची ताटं-वाट्या, प्लॅस्टिकचे चमचे आणू नका, महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने बंदी आहे आणि १ जुलै २०२२ पासून देशभर. दंड पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तुरुंगाची तरतूद. पत्रावळ खरी पानांची घ्या, आत चकचकीत प्लॅस्टिक चिकटवलेली घेतली तर ती ना ओल्यात ना सुक्यात.

२२. घरात जुन्या पातळ कॅरीबॅगांचा गठ्ठा आहे, बंदी आहे तर फेकू का?

एकदम फेकू नका, फाटेपर्यंत घरातच वापरा आणि मग कोरड्या करून सुक्यात. नव्या मात्र घेऊ नका, ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिक कॅरीबॅग चालत नाही. भाजीवाल्या मावशी स्वतःहून पुढे करतात हे खरं, पण आपण कापडी पिशवी तोंडासमोर धरली की त्यांचीच एक पिशवी वाचते.

२३. आमच्या मजल्यावर भाड्याने राहणारी मुलं सगळं एकत्र देतात. ताई कचरा नाकारू शकतात का?

वेगळा करून देणं ही ज्याच्या घरी कचरा होतो त्याचीच जबाबदारी, मग तो मालक असो की भाडेकरू, आणि दंडही त्यालाच. पण नाकारण्याचं ओझं ताईंवर टाकू नका, त्यांना रोज त्याच दारात जायचंय, ते कमिटीने बोलायचं. मी अनुभवाने सांगते, ही मुलं मुद्दाम करत नाहीत, त्यांच्याकडे दुसरा डबाच नसतो. आमच्याकडे आता भाडेकरार सोसायटीत जमा करतानाच एक डबा आणि एक पोतं हातात देतात.

२४. आम्ही पंधरा दिवस गावाला चाललोय, आणि ताई येतात सकाळी नऊला. आमची बस पहाटेची.

ओला आदल्या दिवशीच देऊन टाका आणि रात्रीच्या जेवणाचं जे उरेल ते डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवा, आल्यावर द्या. शेजाऱ्यांना सांगून ठेवलं तर उत्तम. फक्त जाताजाता चौकातल्या कोपऱ्यावर पिशवी ठेवून जाऊ नका, एक पिशवी दिसली की संध्याकाळपर्यंत तिथे वीस होतात.